लॅपटॉप सुरू होण्याआधीच कार्ड आणि पिन: आमच्या दांडिया बाजारातल्या ऑफिसची पद्धत

स्मार्टकार्ड (म्हणजे चिप असलेलं कार्ड किंवा तशीच चिप असलेलं यूएसबी टोकन) खोचल्याशिवाय आणि पिन टाकल्याशिवाय लॅपटॉपची डिस्क उघडूच नये, आणि हे सगळं ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होण्याच्या आधी घडावं, अशी व्यवस्था कशी लावायची ते इथे लिहिते आहे. मी बडोद्यात छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळते. दांडिया बाजारातल्या एका सीए ऑफिसात ही व्यवस्था मी बसवली आणि तिची देखभालही माझ्याकडेच आहे. तिथली आर्टिकलशिपची मुलं लॅपटॉप पाठीला लावून ऑडिटसाठी मकरपुरा जीआयडीसीत, पोर गावाला, कधी रेल्वेने भरूचला जातात. प्रत्येक लॅपटॉपमध्ये लोकांचे पॅन, बँकेची स्टेटमेंट्स, कामगारांची पगारपत्रकं असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण मला दंडापेक्षा त्या पगारपत्रकातल्या माणसांची काळजी जास्त वाटते. आपली माहिती कुणाच्या लॅपटॉपमध्ये फिरते आहे, हे त्यांना कधी कळतही नाही.

लॉगिनचा पासवर्ड इथे कामाचा नाही. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की तो पासवर्ड आडवा येतच नाही. म्हणून पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करावी लागते, म्हणजे गुप्त किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करावी लागते. तिला नुसता पासफ्रेज (लांब पासवर्ड) ठेवला, तर लहान ऑफिसात काय होतं ते मी पुष्कळ ठिकाणी पाहिलं आहे: सगळ्या मशीनना एकच पासफ्रेज, तो सगळ्यांना पाठ, आणि नोकरी सोडून गेलेल्यालाही पाठ. शिवाय चोराच्या हाती डिस्क असेल तर तो सावकाश, कितीही वेळा, यंत्र लावून पासफ्रेजचा अंदाज घेऊ शकतो. कार्डाचं तसं नाही. कार्डाची खाजगी की (गुप्त किल्ली) चिपच्या आत तयार होते आणि बाहेर येत नाही, आणि पिन तीनदा चुकला की कार्ड स्वतःच कुलूपबंद होतं.

आतलं काम असं चालतं. लिनक्सवर डिस्क एन्क्रिप्ट करायच्या लक्स-२ ह्या पद्धतीत डिस्कच्या सुरुवातीला एक हेडर असतो. त्यात ३२ पर्यंत की-स्लॉट ठेवता येतात, म्हणजे एकच डिस्क उघडायचे अनेक स्वतंत्र मार्ग. कार्ड नोंदवताना संगणक एक यादृच्छिक गुपित तयार करून त्याने एक स्लॉट बंद करतो, मग ते गुपित कार्डावरच्या सार्वजनिक कीने गुंडाळून, म्हणजे फक्त त्याच कार्डाला सोडवता येईल असं बंद करून, हेडरमध्ये ठेवतो. बूट होताना, म्हणजे मशीन सुरू होताना, ते गुंडाळलेलं गुपित कार्डाकडे जातं, पिन बरोबर असेल तर कार्ड ते सोडवून परत देतं, आणि डिस्क उघडते. नुसता लॅपटॉप किंवा नुसतं कार्ड हाती लागून कुणाला काही वाचता येत नाही.

आधी विंडोजचा प्रश्न

हे विंडोजवर का नाही, असं प्रत्येक जण विचारतो, कारण टॅली तर विंडोजवरच चालते. बिटलॉकर ह्या विंडोजच्या स्वतःच्या डिस्क-एन्क्रिप्शनमध्ये स्मार्टकार्ड चालतं, पण ते फक्त डेटाच्या ड्राइव्हला. ज्या ड्राइव्हवर विंडोज स्वतः आहे, तिला स्मार्टकार्ड लावता येत नाही. तिथे टीपीएम (लॅपटॉपमधली सुरक्षा चिप), टीपीएमसोबत पिन, किंवा पेनड्राइव्हवरची स्टार्टअप की असे पर्याय आहेत. व्हेराक्रिप्ट ह्या दुसऱ्या एन्क्रिप्शन प्रोग्राममध्येही सिस्टिम ड्राइव्हला टोकन किंवा की-फाइल चालत नाही. विकत घ्यायची मोठ्या कंपन्यांसाठीची उत्पादनं आहेत, पण लहान ऑफिसाला ती परवडत नाहीत.

आम्ही मार्ग काढला तो असा: लॅपटॉपवर फेडोरा लिनक्स, आणि त्याच्या आत व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज आणि टॅली. १६ जीबी रॅम असेल तर हे नीट चालतं. डिजिटल सहीचं टोकन (डीएससी) यूएसबीमार्फत आतल्या विंडोजला देता येतं. खालची डिस्कच कार्डाने बंद असल्यामुळे आतलं विंडोजही आपोआप तिच्या आड जातं. ज्या एका टेबलावर थेट विंडोजच हवं होतं, तिथे बिटलॉकरला टीपीएम आणि पिन लावला. तिथे मी कार्डाचा हट्ट धरला नाही.

खणातलं डीएससी टोकन वापरू नका

ऑफिसातल्या काकांनी पहिल्याच दिवशी मला खण उघडून दाखवला होता. "ताई, ही एवढी टोकनं पडली आहेत. तुम्हीच म्हणता की यातही स्मार्टकार्डचीच चिप असते. मग नवीन कशाला घ्यायचं?"

प्रश्न रास्त आहे आणि सीए, सीएस, वकील अशा कुठल्याही ऑफिसात तो निघणारच, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर देते. डीएससी ही अशिलाची सही आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४२ प्रमाणे आपल्या खाजगी कीवर ताबा ठेवण्याची जबाबदारी त्या व्यक्तीची असते. ते टोकन आपल्या डिस्कच्या कामाला जुंपणं चूकच. आपल्या स्वतःच्या डीएससीबद्दल म्हणाल, तर तिचं सर्टिफिकेट सहीसाठी दिलेलं असतं, आणि आपल्याला इथे गुंडाळलेलं गुपित सोडवणारी की हवी आहे. पुरवठादाराच्या सॉफ्टवेअरने तयार केलेली टोकनं लिनक्सवरच्या ओपनएससी ह्या स्मार्टकार्ड वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला बहुतेक वेळा नीट वाचताही येत नाहीत. आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे नूतनीकरण. डीएससीची मुदत फार तर तीन वर्षं. नूतनीकरणाच्या वेळी टोकन पुसून त्यावर नवी की घातली, तर त्याच क्षणी डिस्कचा तो मार्ग कायमचा बंद झाला. ते काम करणाऱ्या एजंटाला तुमच्या डिस्कबद्दल काही माहीत नसतं.

म्हणून बूटसाठी वेगळं कार्ड घ्या. मी पीआयव्ही हे स्मार्टकार्डांचं प्रमाण पाळणारी यूएसबी टोकनं वापरते, उदाहरणार्थ यूबीकी ५ मालिकेतली. त्याच कंपनीची स्वस्त 'सिक्युरिटी की' मालिका घेऊ नका, तिच्यात फिडो (वेबसाइटवर लॉगिन करण्याचं प्रमाण) आहे पण पीआयव्ही नाही. एटीएम कार्डाच्या आकाराचं कार्ड हवं असेल तर सीसीआयडी हे रीडरचं प्रमाण पाळणारा रीडर घ्या आणि ते कार्ड ओपनएससीच्या यादीत आहे ना ते आधी तपासा. जुनं, वापरलेलं यूबीकी ४ कुणी स्वस्तात देत असेल तर नको म्हणा. २०१७ साली इन्फिनियनच्या चिपमधला 'रोका' नावाचा दोष उघडकीला आला होता. त्या चिपवर तयार झालेल्या आरएसए की कमकुवत निघाल्या, एस्टोनियासारख्या देशाला आपल्या ओळखपत्रांची सर्टिफिकेटं स्थगित करावी लागली, आणि यूबीकी ४ च्या ४.२.६ ते ४.३.४ ह्या फर्मवेअरमध्येही तोच दोष होता.

बूटच्या टोकनला आम्ही लाल दोरा बांधतो. डीएससीला कधीच लाल दोरा नाही. घाईत मुलं डिस्कचा पिन डीएससीला टाकतात आणि ती कुलूपबंद होते, तेही आयकर रिटर्नची ३१ जुलै तोंडावर आलेली असताना. आणखी एक सांगते: हे सगळं काम जुलै ते सप्टेंबर ह्या काळात काढूच नका. दिवाळीनंतर करा.

परतीचा मार्ग आधी, कार्ड नंतर

बहुतेक जण उत्साहाने कार्डापासून सुरुवात करतात आणि रिकव्हरीचं 'नंतर बघू' म्हणतात. मी क्रम उलटा ठेवते आणि त्यावर अडून बसते. ह्या व्यवस्थेत 'पासवर्ड विसरलात का' असं विचारणारं बटण कुठेही नाही. कार्ड विश्वामित्री नदीत पडलं आणि दुसरा मार्ग नसेल तर डिस्कवरचं सगळं गेलं. कुणीही, अगदी बनवणारी कंपनीसुद्धा, ते परत देऊ शकत नाही.

फेडोरा बसवताना 'एन्क्रिप्ट' हा पर्याय निवडलेला असेल तर डिस्क लक्स-२ मध्ये आहे. खात्री करायला 'क्रिप्टसेटअप लक्सडम्प' ही आज्ञा द्या आणि पुढे डिस्कच्या विभाजनाचं (पार्टिशनचं) नाव. वरच आवृत्ती दिसते. (आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहिते आहे, नेमकी अक्षरं आज्ञेच्या माहितीपानावर, म्हणजे मॅन पानावर, बघून मगच टंका.) आवृत्ती १ दिसली तर तिथेच थांबा. जुन्या मशीनवर उलटसुलट रूपांतर करण्यापेक्षा डेटा बाहेर काढून नव्याने बसवणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

मग 'सिस्टमडी-क्रिप्टएनरोल' ही आज्ञा 'रिकव्हरी-की' ह्या पर्यायासह चालवा. हे साधन मार्च २०२१ मध्ये आलेल्या सिस्टमडी २४८ पासून आहे (सिस्टमडी म्हणजे लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्राम). ते पडद्यावर ६४ अक्षरांची एक की दाखवतं, आठ-आठ अक्षरांचे आठ गट, सोबत क्यूआर कोडही. अक्षरं मुद्दाम अशी निवडलेली आहेत की वेगवेगळ्या कीबोर्ड मांडणीतही ती आपल्या जागेवरच राहतात. ही की कागदावर हाताने, मोठ्या अक्षरांत, पेन्सिलीने लिहा. फोनने फोटो काढू नका. फोटो क्लाउडवर जातो आणि मग सगळा खटाटोप वाया.

कागद ठेवायचा कुठे? ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांचं काय झालं, ते बडोदेकरांना सांगायला नको. पेन्सिल पाण्याने पसरत नाही, शाई पसरते. एक प्रत ऑफिसच्या वरच्या मजल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद, दुसरी काकांच्या घरी. काकांचं घर कारेलीबागेत नदीच्या बाजूला, म्हणून तीही माळ्यावरच.

पुढची पायरी हेडरची प्रत. 'क्रिप्टसेटअप लक्सहेडरबॅकअप' ही आज्ञा साधारण १६ एमबीची फाइल देते. हेडर खराब झाला तर बरोबर पिन आणि बरोबर कार्ड असूनही डिस्क उघडत नाही. ही फाइल त्याच लॅपटॉपमध्ये ठेवून उपयोग नाही, वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. कार्ड नोंदवून झाल्यावर ती पुन्हा घ्यायची आहे, हे लक्षात ठेवा.

आता लॅपटॉप बंद करून चालू करा आणि नेहमीच्या पासफ्रेजच्या जागी कागदावरची की टंकून बघा. कागदावरून डिस्क उघडली, तरच कार्डाला हात लावा.

कार्ड तयार करणं आणि नोंदवणं

नव्या यूबीकीचा पीआयव्ही पिन १२३४५६ असतो आणि पीयूके, म्हणजे अडकलेला पिन सोडवणारा कोड, १२३४५६७८. दोन्ही ताबडतोब बदला. यूबीकीसाठी 'वायकेमॅन' ह्या साधनातून हे होतं, आणि तिथेच मॅनेजमेंट की, म्हणजे टोकनमध्ये की घालण्या-बदलण्याचा अधिकार देणारी की, हीही बदलायची. पिन सहा ते आठ खुणांचा असतो. मी फक्त आकडेच ठेवते, कारण बूटच्या वेळी कीबोर्ड कुठल्या मांडणीत असेल त्याची खात्री नसते. मुलांना एवढंच बजावते की उजवीकडचा नंबरपॅड वापरू नका, वरच्या ओळीतले आकडे दाबा. बूटच्या वेळी नमलॉक बंद असला की पिन चुकतो आणि तीनपैकी एक संधी उगाच जाते. पीयूके मुलांना देत नाही, तो काकांच्या पाकिटात.

की टोकनच्या आतच तयार करा, ९डी ह्या स्लॉटमध्ये. पीआयव्हीत तो स्लॉट अशाच सोडवण्याच्या कामासाठी ठेवलेला आहे. ९ए ओळख पटवण्यासाठी आणि ९सी सहीसाठी. प्रकार आरएसए २०४८ ठेवा. सिस्टमडीच्या जुन्या आवृत्त्यांना इथे आरएसएच लागतं. मग त्याच स्लॉटसाठी स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट बनवा. ते केवळ सार्वजनिक की वाहून नेण्यापुरतं आहे. त्याची मुदत संपली म्हणून डिस्क अडत नाही, तेव्हा दरवर्षी नवं करायची धडपड नको.

पहिल्यांदाच करत असाल तर एखाद्या रिकाम्या पेनड्राइव्हवर लक्स-२ बनवा आणि सगळी तालीम त्यावर करा. हात बसला की खऱ्या डिस्कवर या. नोंदणीची आज्ञा तीच, सिस्टमडी-क्रिप्टएनरोल, ह्या वेळी 'पीकेसीएस११-टोकन-यूआरआय' हा पर्याय 'ऑटो' ह्या किमतीसह. त्या वेळी मशीनला फक्त हेच टोकन लावलेलं असू द्या, बाकी सगळी डीएससी काढून ठेवा. नंतर तीच आज्ञा नुसत्या विभाजनाच्या नावासह चालवली की कोणत्या स्लॉटमध्ये काय आहे ते दिसतं: पासवर्ड, रिकव्हरी, पीकेसीएस११ (म्हणजे कार्ड). तिन्ही दिसले पाहिजेत.

एकाच डिस्कवर दोन कार्डं नोंदवावीत, एक राखीव म्हणून, असं सुचणं साहजिक आहे. मी तसं करत नाही. हेडरमध्ये अशी दोन टोकनं असली की 'ऑटो' मांडणी काही आवृत्त्यांत गोंधळून थांबते. आमच्याकडे एका लॅपटॉपला एक कार्ड, आणि खणात कोरी टोकनं तयार. परत यायचा मार्ग रिकव्हरी की आहेच.

बूटच्या टप्प्यात कार्ड ओळखायला लावणं

डिस्क उघडण्याच्या आधी जे छोटंसं लिनक्स मेमरीत येतं, म्हणजे इनिटरॅमएफएस, त्यालाच रीडरचा ड्रायव्हर, पीसीएससीडी ही रीडरशी बोलणारी सेवा आणि ओपनएससी माहीत असावी लागते. यातलं काही राहिलं तर टोकन समोर लुकलुकत असतं आणि मशीनला ते दिसत नाही.

फेडोरात हे इनिटरॅमएफएस बनवणाऱ्या ड्रॅकट ह्या साधनाकडून होतं. 'ईटीसी'मधल्या 'ड्रॅकट.कॉन्फ.डी' फोल्डरमध्ये एक छोटी फाइल करून त्यात 'पीसीएससी' आणि 'पीकेसीएस११' ही दोन मॉड्यूल जोडा. मग एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कांची यादी असलेल्या 'क्रिप्टटॅब' फाइलमध्ये त्या डिस्कच्या ओळीतल्या पर्यायांत 'पीकेसीएस११-यूआरआय=ऑटो' घाला. शेवटी 'ड्रॅकट'ला जबरदस्तीचा पर्याय देऊन इनिटरॅमएफएस पुन्हा बनवा आणि 'एलएसइनिटआरडी'ने आत ओपनएससीची लायब्ररी आली आहे का ते डोळ्यांनी बघा. ही पायरी वगळू नका. आलेल्या अडचणींपैकी बहुतेकांचं मूळ मला इथेच सापडलं आहे.

यात एक सोय आपसूक मिळते. ड्रॅकट फक्त चालू कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याच्या चालू आवृत्तीचं) इनिटरॅमएफएस बदलतं. बूट मेनूत जुना कर्नल असेल तर तो अजून पूर्वीसारखा पासफ्रेजच विचारतो. काही बिघडलं तर तिथून आत जाऊन दुरुस्त करता येतं.

डेबियन किंवा उबुंटू ह्या दुसऱ्या लिनक्सांवर ड्रॅकटऐवजी इनिटरॅमएफएस-टूल्स असतील तर क्रिप्टटॅबमधला हा पर्याय बूटच्या वेळी मानला जात नाही. तिथे 'डीक्रिप्ट_जीएनयूपीजी-एससी' नावाची की-स्क्रिप्ट सोबत येते, ती ओपनपीजीपी ह्या वेगळ्या प्रमाणाच्या कार्डाबरोबर वापरतात. तो रस्ता वेगळा आहे, वरच्या पायऱ्या त्यात मिसळू नका.

परीक्षा

रीस्टार्ट नको, पूर्ण बंद करून चालू करा. टोकन लावलेलं असताना 'सिक्युरिटी टोकन पिन' मागितला जातो, तो दिला की डिस्क उघडते. मग टोकन काढून चालू करा: मशीन ठरलेला वेळ, साधारण ३० सेकंद, टोकनची वाट बघतं आणि मग पासफ्रेज मागतं. तिथे रिकव्हरी की टंकून आत जा. मग मुद्दाम एकदा चुकीचा पिन द्या, म्हणजे मुलांना तो पडदा ओळखीचा होतो. हे ज्याचा लॅपटॉप त्याच्याच हातून करून घ्या. सूचनांची चिठ्ठी मी मराठीत आणि गुजरातीत दोन्ही लिहून देते, पण पिन तिच्यावर नाही.

सगळं जमलं की जुना पासफ्रेज काढून टाका: तीच आज्ञा, 'वाइप-स्लॉट=पासवर्ड' ह्या पर्यायासह. हे करायला लोक घाबरतात, ते मला समजतं. पण सोपा पासफ्रेज तसाच ठेवला तर चोर कार्डाच्या वाटेला जाईलच कशाला? रिकव्हरी की राहतेच, आणि तिचा अंदाज बांधणं अशक्य आहे. ह्यानंतर जुन्या कर्नलवरही तीच चालते. मग हेडरची नवी प्रत घ्या आणि जुनी पुसून टाका.

बायोसला (मशीनच्या सुरुवातीच्या सेटिंगला) पासवर्ड लावा, यूएसबीवरून बूट बंद करा, सही केलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारं सिक्युअर बूट चालू ठेवा. बूट विभाजन एन्क्रिप्ट झालेलं नसतं. कुणी एकांतात लॅपटॉप हाताळून तिथे काही पेरू नये, यासाठी एवढं तरी हवं.

आणि रोजच्या वापरातली सगळ्यात मोठी फट: झोपलेला लॅपटॉप. कार्ड फक्त सुरू होताना राखण करतं. डिस्क एकदा उघडली की तिची की मेमरीत असते, टोकन काढून घेतलं तरी. झाकण मिटून स्लीपमध्ये गेलेला लॅपटॉप चोरीला गेला तर तो उघड्या डिस्कनिशी गेला असं समजा. म्हणून 'लॉगिनडी.कॉन्फ' ह्या सेटिंगच्या फाइलमध्ये झाकण मिटलं की 'पॉवरऑफ' अशी मांडणी ठेवली आहे, आणि मुलांना टॅली आधी बंद करायची सवय लावली आहे. टोकन बॅगेत लॅपटॉपशेजारी ठेवायचं नाही. ते घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात, खिशात. चिठ्ठीवर पहिली ओळ हीच आहे.

कार्ड हरवलं तर

कळवायला उशीर करू नये, म्हणून रागवायचं नाही असं काकांनी आणि मी ठरवून टाकलं आहे. मुलगा फोन करतो, लॅपटॉप त्याच्याजवळ असेल तर घेऊन येतो. काका पाकीट उघडतात, रिकव्हरी कीने मशीन सुरू होतं. खणातलं कोरं टोकन तयार करून एकाच आज्ञेत दोन्ही करता येतं: 'वाइप-स्लॉट=पीकेसीएस११' आणि सोबत नव्याची नोंदणी. जुन्या कार्डाचा स्लॉट गेला, नव्याचा आला. इनिटरॅमएफएस पुन्हा बनवायचं आणि मशीन पूर्ण बंद करून पुन्हा परीक्षा घ्यायची.

इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात. हेडरच्या जुन्या प्रतीत हरवलेल्या कार्डाचा स्लॉट अजून जिवंत असतो. ती प्रत, ते कार्ड आणि पिन, तिन्ही एकत्र आले तर डिस्क उघडू शकते, कारण डिस्कची मूळ की बदललेली नसते. म्हणून जुनी प्रत त्याच दिवशी नष्ट करून नवी घ्या. प्रत कुणाच्या हाती पडल्याची शंका असेल तर पूर्ण डिस्क नव्या कीने री-एन्क्रिप्ट करा. त्याला कित्येक तास लागतात, लॅपटॉप चार्जरला लावून शनिवारी संध्याकाळी काम सोडा.

पुढे कधी ते जुनं टोकन सापडलं तर ते तसंच परत नोंदवू नका. 'वायकेमॅन'मधून त्याचा पीआयव्ही भाग रीसेट करा, पिन आणि पीयूके नव्याने बदला, लाल दोरा तपासा आणि कोऱ्या टोकनांच्या खणात टाका.